व्यवसाय विचारणारा वैद्य : बर्नार्दिनो रामाझ्झिनी

महाराष्ट्राबाहेर दोन मराठी माणसांची प्रथमच गाठ पडली की नाव आणि मूळ गाव विचारून झाल्यावर तिसरा प्रश्न ठरलेलाच असतो. आपण कोणत्या खात्यात आहात? रेल्वेत, टपालात, संरक्षण कारखान्यात, बँकेत की एखाद्या गिरणीत? या प्रश्नात भोचकपणा नसतो. पोटासाठी मुलूख सोडलेल्या माणसाची ओळख त्याच्या कामावरूनच पटते, हे आपण सर्व अनुभवाने जाणतो. परंतु हाच साधा प्रश्न रोग्याच्या उशाशी बसलेल्या वैद्यानेही विचारला पाहिजे, ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या ध्यानी यावयास फार काळ लागला. ज्या पुरुषाने ती आग्रहाने मांडली, आणि नुसती मांडली नव्हे तर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वर्गात बसवून शिकविली, त्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांचा अल्प परिचय मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करून देण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही वैद्यकाचे पदवीधर नव्हे. सरकारी कचेरीत हयात घालविलेल्या एका सामान्य वाचकाची ही जिज्ञासा आहे, एवढे लक्षात घेऊन सुज्ञ वाचकांनी हा लेख वाचावा.

उत्तर इटलीत मोदेना शहराजवळ कार्पी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १६३३ साली रामाझ्झिनींचा जन्म झाला. आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म होऊन त्या वेळी तीनच वर्षे झाली होती. म्हणजे ज्या काळात सह्याद्रीच्या कुशीत स्वराज्याची पायाभरणी होत होती, त्याच काळात इटलीतील हा मुलगा जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत लॅटिन भाषेचे धडे गिरवीत होता. एकोणिसाव्या वर्षी तो पार्मा येथील विद्यापीठात दाखल झाला. प्रथम तत्त्वज्ञान आणि नंतर वैद्यक असा त्याचा अभ्यासक्रम झाला, आणि १६५९ मध्ये वैद्यकाची पदवी हाती पडली. पुढील अनुभवासाठी काही काळ रोममधील एका नामांकित वैद्याच्या हाताखाली उमेदवारी केल्यावर रामाझ्झिनींनी रोमच्या उत्तरेकडील कानिनो आणि मार्ता या खेडवळ भागात वैद्यकी सुरू केली.

हा प्रदेश हिवतापाचा होता. मलेरिया हा शब्दच मुळी इटालियन भाषेतला असून दूषित हवा असा त्याचा अर्थ आहे. डासांचा आणि या तापाचा संबंध जगाला कळण्यास अद्याप दोन शतकांहून अधिक अवकाश होता. तरुण वैद्याला त्या तापाने गाठले. प्रकृती इतकी खालावली की काम सोडून कार्पीला परत येण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ज्या भूमीत आणि ज्या हवेत माणूस राबतो ती भूमी आणि ती हवाच त्याचा रोग घडविते, हा धडा त्यांना ग्रंथातून मिळण्यापूर्वी स्वतःच्या देहावर मिळाला होता. यथावकाश प्रकृती सुधारली, फ्रान्चेस्का रिगी नावाच्या कन्येशी विवाह झाला, आणि काही वर्षे कार्पीत वैद्यकी केल्यानंतर १६७१ मध्ये त्यांनी मोदेना या राजधानीच्या शहरात बिऱ्हाड हलविले.

मोदेनात बाहेरून आलेल्या या वैद्याचे स्वागत फारसे प्रेमाने झाले नाही. स्थानिक वैद्यमंडळींशी त्यांचे वाद झाले. एका सरदार घराण्यातील स्त्री प्रसूतीनंतर मृत्यू पावली, त्या प्रकरणावरून तर कडाक्याचा लेखी वाद माजला. परंतु विद्वत्ता लपून राहत नाही. मोदेनाच्या गादीवरील एस्ते घराण्याचा ड्यूक दुसरा फ्रान्चेस्को याने तेथील विद्यापीठाला नवे रूप दिले, तेव्हा १६८२ मध्ये वैद्यकसिद्धान्ताचे अध्यासन रामाझ्झिनींकडे सोपविण्यात आले. वयाची पन्नाशी जवळ आली असता आयुष्याचे खरे कार्य हाती आले.

त्या काळच्या वैद्यकशिक्षणाची कल्पना वाचकांस असावी म्हणून थोडे सांगतो. अध्यापक उच्चासनावर बसून हिपोक्रेटिस, गेलेन, आव्हिसेन्ना या प्राचीन आचार्यांच्या ग्रंथांवर लॅटिन भाषेत विवरण करीत. विद्यार्थी ते उतरवून घेत. रोग म्हणजे शरीरातील चार रसांचा बिघाड ही ग्रीक कल्पना सर्वमान्य होती. उपचार घेणारे बहुधा धनिक असत. कुंभार, चांभार, लोहार यांच्या रोगांविषयी व्याख्यान द्यावे असे कोणास वाटण्याचे कारण नव्हते. खाणींतील मजुरांच्या रोगांवर पॅरासेल्सस आणि अग्रिकोला या दोघांनी सोळाव्या शतकात लिहिले होते, हे खरे. परंतु ते लेखन एका धंद्यापुरते होते. समाजातील सर्व कष्टकऱ्यांकडे वैद्याच्या दृष्टीने पाहणारा ग्रंथ नव्हता आणि तसा वर्गही नव्हता.

या अध्यापकाची दृष्टी मात्र पुस्तकाबाहेर वळलेली होती. १६९० साली अतिवृष्टी होऊन पिकांवर तांबेरा पडला आणि मोदेनाच्या आसपासच्या खेड्यांत तापाची साथ पसरली. रामाझ्झिनींनी त्या वर्षीच्या हवामानाचा, पिकांचा, पाण्याचा आणि रोगाचा एकत्र विचार करून एक प्रबंध लिहिला. पुढील वर्षी साथ शहरात शिरली, त्यावर दुसरा प्रबंध झाला. १६९४ मध्ये त्यांनी वायुभारमापकाच्या नोंदी ठेवून त्याही प्रसिद्ध केल्या. मोदेनातील विहिरींतून आपोआप उसळणाऱ्या पाण्याचे त्यांना कुतूहल वाटले, म्हणून त्या भूस्तरांवर १६९१ मध्ये एक स्वतंत्र ग्रंथ रचला. सुप्रसिद्ध तत्त्वज्ञ लायब्निट्स यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. हवा, पाणी आणि भूमी यांचा आरोग्याशी असलेला संबंध हा हिपोक्रेटिसचा जुना विषय. परंतु तो ग्रंथात वाचणे निराळे आणि आपल्या गावी मोजून पाहणे निराळे.

आता ज्या घटनेमुळे त्यांचे नाव अजरामर झाले तिच्याकडे वळू. मोदेना हे दाटीवाटीचे, उंच घरांचे शहर होते. घराघरांतील मैलाकुंड्या दर तीन वर्षांनी उपसण्याची तेथे रीत होती. रामाझ्झिनींच्या स्वतःच्या घरी हे काम चालू असता कुंडीत उतरलेला एक मजूर जिवाच्या आकांताने घाई करीत आहे, असे त्यांच्या नजरेस पडले. त्यांना त्याची दया आली. इतकी धावपळ कशासाठी, सावकाश काम केलेस तर थकवा कमी येईल, असे त्यांनी सुचविले. तेव्हा त्या मजुराने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले आणि सांगितले की, या जागी चार तासांहून अधिक काळ काढणे काय असते हे ज्याने काढले तोच जाणे. डोळे जाण्याचीच ती गत आहे. तो वर आल्यावर रामाझ्झिनींनी त्याचे डोळे बारकाईने तपासले. ते लालभडक झाले होते आणि दृष्टी मंदावली होती. यावर काही उपाय करता का, असे विचारता तो म्हणाला की, घरी जाऊन दिवसभर अंधाऱ्या खोलीत कोंडून घेतो आणि कोमट पाण्याने डोळे धुतो, एवढेच. घशात जळजळ, श्वासाला त्रास, डोकेदुखी, मळमळ यांविषयी त्यांनी एकेक करून विचारले. त्यांतले त्याला काहीच होत नव्हते. घाव होता तो फक्त डोळ्यांवर.

दुसरा कोणी असता तर चार नाणी हातावर ठेवून विसरून गेला असता. रामाझ्झिनी शहरात हिंडू लागले, आणि रस्त्यावर भीक मागणाऱ्या आंधळ्या व अर्धआंधळ्या माणसांपैकी कित्येकांनी पूर्वी हेच काम केल्याचे त्यांना आढळले. कुंडीतील वायूने मजुरांच्या खिशांतील नाणी काळी पडतात, ही बारीकशी खूणही त्यांच्या नजरेतून निसटली नाही. कुजणाऱ्या मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूने डोळ्यांचा दाह होतो, हे आजचे रसायनशास्त्र सांगते. तो वायू रामाझ्झिनींना ठाऊक नव्हता, परंतु त्याचे कृत्य त्यांनी पकडले होते. या मजुरांनी चेहऱ्यावर पारदर्शक पातळ पिशवी बांधावी, कुंडीत फार वेळ राहू नये, आणि ज्यांची दृष्टी दुबळी आहे त्यांनी हा धंदाच सोडावा, असे उपाय त्यांनी सुचविले.

या एका मजुराच्या निमित्ताने त्यांच्या अभ्यासाला दिशा मिळाली. मोदेनातील कारखाने, भट्ट्या, दुकाने आणि तळघरे यांत हा प्राध्यापक जाऊ लागला. हिपोक्रेटिसने वैद्याला रोग्याजवळ बसून अनेक प्रश्न विचारण्यास सांगितले होते; त्या यादीत रामाझ्झिनींनी आणखी एका प्रश्नाची भर घातली. रोगी कोणता व्यवसाय करतो? गरिबाच्या घरी वैद्याने उभ्याउभ्याच नाडी पाहून निघू नये, तिवईवर का होईना पण सोन्याच्या खुर्चीवर बसल्यासारखे स्वस्थ बसावे आणि सर्व विचारपूस करावी, असा त्यांचा उपदेश होता. कारखाना ही सुद्धा एक पाठशाळाच आहे आणि तेथे पाऊल ठेवण्यात वैद्याला कमीपणा नाही, ही शिकवण ते विद्यार्थ्यांना देत. विद्यापीठातील आपल्या व्याख्यानांत त्यांनी कारागिरांच्या रोगांचा विषय घेतला आणि वर्षानुवर्षे जमविलेली निरीक्षणे वर्गापुढे ठेवली.

या परिश्रमांचे फळ म्हणजे १७०० साली मोदेना येथे प्रसिद्ध झालेला त्यांचा लॅटिन ग्रंथ, दे मॉर्बिस आर्टिफिकुम दियात्रिबा. कारागिरांच्या रोगांविषयी विवेचन, असे त्याचे नाव आपल्या भाषेत सांगता येईल. चाळीसहून अधिक प्रकरणांतून त्यांनी एकेका धंद्याचा परामर्श घेतला. सोन्याचा मुलामा देणाऱ्यांना पाऱ्याच्या वाफेने कंप सुटतो आणि त्यांचे चेहरे प्रेतवत होतात. भांड्यांना शिशाची झिलई देणाऱ्या कुंभारांचे प्रथम हात थरथरतात, नंतर लकवा येतो, दात पडतात, आणि अखेर चेहऱ्यावरच शिशाची कळा येते. पाथरवटांच्या छातीत दगडाची भुकटी साठते. आटा दळणारे, पाव भाजणारे आणि धान्य मापणारे यांना धुळीमुळे खोकला व दमा जडतो. ताग आणि अंबाडी पिंजणाऱ्यांचीही तीच कथा. शिंपी आणि चांभार दिवसभर वाकून बसतात, त्यांची पाठ कायमची वाकते. सणाच्या मिरवणुकीत शिंप्यांचा तांडा चालला की लोकांना हसू येते, पण वैद्याने त्यात रोग पाहावा. दाया, धोबिणी, कोळी, शेतकरी, सैनिक, गवई, हमाल, तंबाखूचे कामगार, प्रेतवाहक, असे कोणीही त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत. पंडितांवरही एक प्रकरण आहे. ग्रंथांवर ओणवे बसून पचनशक्ती घालविणाऱ्यांत त्यांनी आपल्या पेशाचीही गणना केली आहे.

मठवासिनी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अन्य स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो, ही त्यांची नोंद पुढील शतकांतील संशोधकांना फार मोलाची वाटली. अपत्यजन्म आणि स्तन्यपान यांचा या रोगाशी असलेला संबंध आज सिद्ध झालेला आहे. ज्यू लोकांवरील त्यांचे प्रकरण आम्हांस विशेष विचारणीय वाटते. त्या काळी हा समाज वेगळ्या कोंडलेल्या वस्तीत राहत असे आणि जुन्या गाद्या उसवून पुन्हा भरणे, अंधुक उजेडात चिंध्या शिवणे ही कामे त्याच्या वाट्याला आली होती. त्यांचे रोग आणि त्यांच्या अंगाला येणारा वास हे जन्माचे लक्षण आहे, असा लोकांचा समज होता. रामाझ्झिनींनी तो खोटा ठरविला. हे सर्व दाटीवाटीच्या वस्तीचे, दारिद्र्याचे आणि कामाचे फळ आहे, जातीचे नव्हे, हे त्यांनी दाखविले. ज्या आपल्या देशात काम आणि जन्म यांची गाठ शतकानुशतके बांधली गेली, तेथे हे प्रकरण मुद्दाम शिकविले जावे असे आम्हांस वाटते.

फिनाले या गावच्या खटल्याची हकिकतही याच ग्रंथात आली आहे. तेथे एका व्यापाऱ्याचा रसकापूर तयार करण्याचा मोठा कारखाना होता. भट्टीच्या धुराने आसपासचा परिसर विषारी होतो, अशी फिर्याद गावच्या एका नागरिकाने गुदरली. पुरावा म्हणून गावच्या वैद्याचे प्रमाणपत्र आणि धर्मोपदेशकाच्या दफ्तरातील मृत्यूंची नोंदवही हजर करण्यात आली. कारखान्याच्या शेजारच्या भागात इतरत्र होतात त्यांहून अधिक मृत्यू होतात, असे तीवरून दिसत होते. निकाल मात्र कारखानदाराच्या बाजूने लागला. दफ्तरातील आकडे मांडून हवेच्या प्रदूषणाविरुद्ध दाद मागणारा हा खटला तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. आमचा जन्म कागदपत्रांत गेला आहे. साधी नोंदवही नीट ठेवलेली असेल तर ती केवढी साक्ष देऊ शकते आणि तरीही ती साक्ष कशी फुकट जाऊ शकते, हे दोन्ही या हकिकतीत दिसते.

ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने रामाझ्झिनींना पादुआ विद्यापीठात बोलावून घेतले. जेथे वेसालियसने शरीररचनाशास्त्र शिकविले, गॅलिलिओने गणिताचे अध्यापन केले आणि विल्यम हार्वेने विद्यार्थी म्हणून धडे घेतले, त्या पीठात अध्यापक म्हणून जाणे हा मोठा मान होता. डिसेंबर १७०० मध्ये त्यांनी तेथे आपले पहिले व्याख्यान दिले. त्या वेळी त्यांचे वय सदुसष्ट होते. ज्या वयात आपल्याकडील नोकरदार निवृत्तीवेतनाचे हिशेब करीत बसतो, त्या वयात त्यांनी नवे शहर, नवे विद्यार्थी आणि नवे काम पत्करले.

पण दैवाची लीला विचित्र असते. ज्याने मैलाकुंडी उपसणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी लेखणी उचलली, त्याचीच दृष्टी पादुआस गेल्यावर मंदावू लागली. हृदयाचा विकारही जडला. हळूहळू वाचणे आणि लिहिणे दोन्ही दुरावले. नातवांनी वाचून दाखवावे आणि आजोबांनी सांगितलेले उतरवून घ्यावे, असा क्रम सुरू झाला. रामाझ्झिनींनी अध्यापनातून मुक्त होण्याची इच्छा प्रकट केली. परंतु व्हेनिसच्या शासनाने त्यांना सोडले नाही. उलट १७०८–०९ च्या सुमारास त्यांना व्यावहारिक वैद्यकाचे पहिले अध्यासन देऊन अधिकच गौरविले.

दृष्टी गेली तरी जिज्ञासा गेली नाही. १७१० मध्ये राजेरजवाड्यांच्या आरोग्यरक्षणावर त्यांनी ग्रंथ लिहिला. ज्याने झाडूवाल्याचा विचार केला त्याने राजालाही वगळले नाही, कारण राज्य करणे हाही एक धंदाच आणि त्याचेही रोग असतात. १७११ मध्ये पादुआच्या परिसरात गुरांची भयंकर साथ आली. बाहेरून आणलेल्या कळपातील एका भटकलेल्या आजारी बैलापासून ती पसरत गेल्याचे त्यांनी ओळखले आणि विद्यापीठातील व्याख्यानात या रोगाचे वर्णन केले. हाच तो रोग, ज्याला आपले शेतकरी बुळकांडी म्हणत. वैद्यकाच्या प्राध्यापकाने गुरांच्या रोगावर बोलावे काय, असा संकोच त्यांनी केला नाही. शेतकऱ्याचा बैल मेला की शेतकऱ्याच्या घरचे आरोग्यही धोक्यात येते. याच रोगासारख्या जनावरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी भारतातील पहिली प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे घोषित झाले.

१७१३ साली कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती पादुआ येथे निघाली. ऐंशी वर्षांच्या, जवळजवळ अंध झालेल्या ग्रंथकाराने तीत आणखी बारा धंद्यांची भर घातली. छापखान्यात खिळे जुळविणारे, हलवाई, विणकर, सुतार, वस्तऱ्यांना धार लावणारे, विटा करणारे, विहिरी खणणारे, खलाशी, शिकारी आणि साबण करणारे हे त्यांतले काही. व्हेनिसमध्ये तांबटांची एक स्वतंत्र वस्ती होती. तेथे दिवसभर हातोड्यांचे ठोके पडत आणि म्हातारपणी हे कारागीर ठार बहिरे होत, असे त्यांनी लिहिले. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतून जे कधी गेले असतील त्यांना हे वर्णन निराळे समजावून सांगावयास नको.

लेखनिक आणि नोंदणीकार यांच्यावरील प्रकरण वाचताना आमच्यासारख्या कारकुनी वंशातील माणसाला आरशात पाहिल्यासारखे होते. सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल, आणि चूक होऊन धन्याचे नुकसान होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण, अशी तीन कारणे त्यांनी दिली आहेत. जन्मभर लिहून उजवा हात निकामी झालेल्या एका लेखनिकाने डाव्या हाताने लिहिण्याची सवय केली. काही काळाने तो हातही तसाच झाला. टाक गेला, टंकलेखनयंत्र आले, तेही गेले आणि संगणक आला; मनगटे आणि माना दुखावयाच्या थांबल्या नाहीत. आमच्याच कचेरीतील कित्येक सहकारी मानेला पट्टा लावून बसलेले आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात नोकरी एवढा एकच शब्द असतो. नोकरी कसली, दिवसाचे किती तास, कोणत्या खुर्चीवर, हे विचारणारा वैद्य विरळा.

५ नोव्हेंबर १७१४ रोजी, वर्गावर जाण्याच्या तयारीत असतानाच रामाझ्झिनींना मस्तिष्काघाताचा झटका आला आणि त्याच दिवशी पादुआ येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवशीचा तास अपुराच राहिला.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांच्या कित्येक औषधयोजना आज कोणी स्वीकारणार नाही. जुन्या रसविचाराची पकड त्यांच्यावरही होती. तोंडाला फडके बांधा, हात धुवा, मधून मधून व्यायाम करा, काम बेताने करा, यापलीकडे अनेक धंद्यांत त्यांना काही सुचविता आले नाही. कामाचे तास, मजुरी आणि मालकाची जबाबदारी यांना कायद्याने हात घालावा हा विचार पुढच्या काळाचा आहे. पण कायदा करण्यापूर्वी इजा दिसावी लागते, आणि ती पाहण्याची दृष्टी त्यांनी दिली. १७०५ मध्येच त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर लंडनला निघाले. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. १९८२ मध्ये त्यांच्या जन्मगावी त्यांच्या नावाने या शास्त्रातील तज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

आपल्या देशात हा प्रवाह उशिरा पण निश्चित आला. पहिला कारखाना कायदा १८८१ चा. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढा दिला आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळविली. १९३२ मध्ये कलकत्त्यास सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणासाठी अखिल भारतीय संस्था निघाली. १९४६ मध्ये भोर समितीने वैद्यकीय महाविद्यालयांत प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे स्वतंत्र विभाग असावेत, असा आग्रह धरला. व्यवसायजन्य रोगांच्या संशोधनासाठी अहमदाबाद येथे १९६६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली करणाऱ्या कामगारांच्या छातीतील धुळीचा अभ्यास केला. गिरणगावात कापसाच्या धुळीने छाती भरलेली माणसे आपल्यांतील कित्येकांच्या घरी होऊन गेली. त्यांच्या खोकल्याला विडीचा किंवा वयाचा खोकला म्हटले गेले, कारण कार्डिंग खात्यातील वर्षे कोणी मोजली नाहीत. १९८४ मध्ये भोपाळने तर कारखाना आणि वस्ती यांच्यातील भिंत किती पातळ असते हे एका रात्रीत दाखविले; फिनालेच्या नागरिकाचे भय तेथे सहस्रपटीने खरे ठरले.

आणि मैलाकुंडीतील तो मजूर? हाताने मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्या संसदेने १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदा केला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला; २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख करण्यात आली. तरीही गटारात गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. रामाझ्झिनींच्या मजुराचे डोळे अधू झाले; आपल्याकडे जीव जातात, आणि तेही सर्व काही ठाऊक असताना. अज्ञान हे कारण आता उरलेले नाही.

म्हणून या लेखाच्या शेवटी एक विनंती करावीशी वाटते. आपल्या मंडळातील अनेक घरांतील मुले-मुली आज वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहेत. त्या अभ्यासक्रमात शस्त्रक्रिया आणि हृदयरोग यांचे तेज मोठे असते; सामुदायिक वैद्यकाचा तास बहुधा कंटाळ्याचा मानला जातो. त्या तासाला बसताना त्यांनी या वृद्ध, अंध प्राध्यापकाची आठवण ठेवावी. रोगी समोर आला की नाव, वय आणि पत्ता यांच्या जोडीला तो काय काम करतो, कोठे करतो आणि किती वर्षे करतो, हे सावकाश बसून विचारावे. आणि जे वैद्य नाहीत अशा आपण सर्वांनी, उत्सवाचा मंडप उतरल्यावर सभागृहाचे तुंबलेले गटार साफ करावयास माणूस बोलाविण्याची वेळ आली, तर त्याला आत उतरवू नये, यंत्र मागवावे. पन्नास वर्षे परमुलखात आपापल्या कामाच्या बळावर सन्मानाने उभे राहिलेल्या मंडळाने दुसऱ्याच्या कामाचा एवढा मान राखणे उचित होय.